सहाशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: चेक इंजिनचा पिवळा दिवा बघून घाबरणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

ओबीडी म्हणजे बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर त्याचा कोड नोंदवून ठेवतो ती सोय, आणि हा छोटा डबा ते कोड फोनवर दाखवतो. आधीच सांगते, हा ब्रँडेड वगैरे काही नाहीये. ऑनलाइन 'ओबीडी टू ब्लूटूथ' टाकलं की निळ्या-काळ्या डब्यांची जी रांग लागते त्यातलाच एक, साधारण सहाशेला पडला. वर ईएलएम ३२७ (आतल्या चिपचं नाव) व्हर्जन १.५ असं छापलंय. गंमत म्हणजे ही चिप मुळात ज्या कॅनडातल्या कंपनीची, तिने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं, १.४ वरून ते डायरेक्ट २.० वर गेले. म्हणजे हातात आहे तो शंभर टक्के चायनीज क्लोन. चालतो का, तर चालतो. आमच्या २०१४ च्या पेट्रोल हॅचबॅकवर पावसाळ्यापासून वापरतेय आणि पैसे केव्हाच वसूल झालेत. पण 'आता मेकॅनिककडे जायची गरजच नाही' असं लिहिणारे जे रिव्ह्यू असतात ना, ते वाचून मात्र घेऊ नका, कारण त्या लोकांनी तो लावून आकडे नाचताना बघितले आणि लगेच पाच स्टार देऊन मोकळे झाले असणार.

लावायला सोपा आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर वाकून बघितलं की १६ पिनांचं सॉकेट दिसतं, काही गाड्यांत त्यावर प्लॅस्टिकचं झाकण असतं. त्यात खोचायचा, चावी ऑन, फोनच्या ब्लूटूथमध्ये जोडायचा, पिन बहुतेक १२३४ नाहीतर चार शून्य. मग ॲप. टॉर्क चालतं, मला कार स्कॅनर नावाचं जास्त आवडलं कारण त्यात कोडचा अर्थ तिथल्या तिथे कळतो. आयफोनवाल्यांनी इथे थांबा, हा साधा ब्लूटूथवाला आयफोनला जोडलाच जात नाही, तुम्हाला वायफायवाला किंवा बीएलई लिहिलेला घ्यावा लागेल. आणि गाडी एप्रिल २०१३ च्या आधीची असेल तर सॉकेट दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, आपल्याकडे ओबीडी टू सक्तीचं झालं ते तेव्हापासून, त्याआधीच्या काही गाड्या बोलतात, काही ढिम्म बसतात.

आता स्कॅनरच्या आधी दिवे. माझ्या ओळखीतले निम्मे लोक लाल आणि पिवळा यात फरकच करत नाहीत, आणि तो फरक कळण्यासाठी स्कॅनर लागत नाही. पिवळा म्हणजे लवकरात लवकर दाखवा. लाल म्हणजे गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, आत्ता. तेलाच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर इंजिन ताबडतोब बंद. तो दिवा तेलाच्या प्रेशरचा असतो, त्यामुळे डिपस्टिकवर तेल बरोबर दिसलं तरी 'घरापर्यंत नेऊ' म्हणायचं नाही, प्रेशर नसताना दोन-चार मिनिटं इंजिन चाललं तरी बेअरिंगची वाट लागते. थर्मामीटरचा, म्हणजे इंजिन तापल्याचा, लाल दिवा लागला तरी तेच, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही, बाटलीभर पाणी घेऊन धावत येणारे मदतनीस रस्त्यात भेटतातच, त्यांना पण थांबवा. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही जात नसेल तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं, ते गळत तरी असतं किंवा पॅड घासून संपत आलेले असतात, नुसतं वरून ऑइल भरून 'झालं' म्हणणाऱ्या गॅरेजवाल्यापासून लांब राहा. यातल्या एकाही बाबतीत फोन काढून ब्लूटूथ जोडत बसू नका. फ्रीवेवर लाल दिवा लागलेला असताना ॲप उघडणारा माणूस मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलाय, तो माझा नवराच आहे, असो.

स्कॅनरचं खरं राज्य पिवळ्या चेक इंजिनवर. तो दिवा स्थिर असेल तर थोडी उसंत असते. लुकलुकत असेल तर नाही, कारण त्याचा अर्थ बहुतेक वेळा मिसफायर, कुठल्यातरी सिलेंडरमध्ये पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरच्या वाटेला लागलंय आणि ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. प्लगला करंट देणारी कॉइल हजारांत येते, कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून बघा.

आमचं नेमकं हेच झालं. जुलैमधल्या त्या धो धो पावसात माटुंग्याला गांधी मार्केटच्या पाण्यातून गाडी काढली, तेव्हा काही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केली तर इंजिन खोकल्यासारखं हलायला लागलं, ॲक्सिलरेटर दिला की झटके, आणि दिवा लुकलुक. कशीबशी जवळच्या सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही, सगळीकडे हेच चालतं. तिथल्या ॲडव्हायझरने बॉनेटसुद्धा नीट उघडलं नाही, टॅबलेटवर एस्टिमेट केलं, चार कॉइल, चार प्लग, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, इंजिन फ्लश, शिवाय 'मॅडम, ईसीएममध्ये (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) पाणी गेलं असेल तर ते वेगळं'. आकडा अठरा हजारांच्या वर. मी विचारलं कोड काय आलाय, तर म्हणाला मॅडम ते टेक्निकल असतं. टेक्निकल असतं म्हणूनच विचारतेय ना बाबा.

तिथून गाडी टो करून घरी आणली आणि हा डबा मागवला. कोड आला पी ०३०३. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडची भानगड, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना लागू असणारा कोड (तिथे एक असेल तर तो कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधू नका), त्यापुढे ३० असेल तर मिसफायर आणि शेवटचा आकडा सिलेंडरचा. म्हणजे तिसरा सिलेंडर मिसफायर करतोय. पी ०३०० आला असता तर कुठलाही एक नाही, एकापेक्षा जास्त किंवा आलटून पालटून.

इथे लोक चुकतात, आणि मेकॅनिकही. कोड सांगतो की तिसऱ्या सिलेंडरमध्ये नीट जळत नाहीये. का जळत नाहीये ते सांगत नाही. कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन गेलं असेल. स्क्रीनवरचा फोटो काढून मी आमच्या भांडुपच्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला पाठवला, त्याने उत्तर टाइप नाही केलं, फोन केला, 'ताई, काही विकत घेऊ नका, मी येतो.' बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्याने इंजिनवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, तिसऱ्या नंबरची कॉइल ओढून वर काढली, तर प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं आणि कॉइलच्या खालच्या रबरी बुटाला एक बारीक काळी रेघ, केसासारखी, वरपासून खालपर्यंत. म्हणाला ही बघा, करंट प्लगमधून जायच्या ऐवजी इथून बाजूला पळतोय. तरीही त्याने निकाल तेवढ्यावर दिला नाही. खड्डा हवेने सुकवला, तिसरी कॉइल पहिल्या सिलेंडरवर बसवली, पहिली तिसऱ्यावर, माझ्या फोनवरून कोड पुसायला लावला आणि गाडी चालू केली. थोड्या वेळात परत दिवा. कोड, पी ०३०१. बस, विषय संपला, दोष कॉइलच्या मागे मागे गेला. तो तिसऱ्यावरच राहिला असता तर प्लग बदलून बघायचा, मग इंजेक्टर. हा अदलाबदलीचा प्रकार फुकट आहे आणि ज्या गाड्यांना प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते त्या सगळ्यांना चालतो. मी विचारलं कुर्ल्याला सीएसटी रोडवरून वापरलेली आणू का, तर हात जोडले, 'ताई, दरवाजा आणा, बंपर आणा, कॉइल नि सेन्सर तिथून नका आणू.' एक नवीन कॉइल, चार प्लग (ते तसेही संपत आले होते), त्याची मजुरी धरून एस्टिमेटच्या चौथ्या हिश्श्यात काम झालं.

आता उलट बाजू. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येतं तोच बदलायचा, हा सगळ्यात महागडा गैरसमज. पी ०१७१ घ्या, म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. हे इंजिनला सांगतो कोण तर ऑक्सिजन सेन्सर. लगेच सेन्सर बदलतात, चार-पाच हजार जातात, दिवा आठवड्यात परत. खरा चोर असतो बऱ्याचदा एखादा तडकलेला व्हॅक्युमचा पाइप, जादा हवा तिथून आत शिरते. बिचाऱ्या सेन्सरने खरं सांगितलं आणि त्यालाच काढून टाकलं, चोर सोडून संन्याशाला फाशी. आपल्याकडे त्यात उंदीर. मुंबईत बिल्डिंगखाली उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात हे ज्याला माहीत नाही तो मुंबईत नवीन आलाय, आणि कुरतडलेल्या वायरीने जे कोड येतात ते बहुतेक सेन्सरच्या नावानेच येतात. 'सर्किट हाय', 'सर्किट लो' असे शब्द कोडच्या वर्णनात दिसले की पहिल्यांदा टॉर्च घेऊन त्या सेन्सरची वायर आणि कनेक्टर बघा. फुकटात होतं.

आणि एकदम पाच-सहा कोड, त्यात यू ने सुरू होणारे दोन-तीन, डॅशबोर्डवर ख्रिसमससारखे सगळे दिवे, असं झालं तर घाबरण्याआधी बॅटरी तपासा. कॉम्प्युटरांना पुरेसा व्होल्टेज मिळाला नाही की ते एकमेकांशी बोलायचे थांबतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याची तक्रार नोंदवतो. आठवडाभर गाडी हलवायची नाही, मग शनिवारी एकदम बाहेर काढायची, असा ज्यांचा कारभार आहे त्यांना हे पावसाळा-हिवाळ्यात होणारच. या डब्याचा मी सगळ्यात जास्त वापर व्होल्टेज बघायलाच करते. रात्रभर उभी गाडी, इंजिन बंद, १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. चालू इंजिनवर १२ वरच रेंगाळत असेल आणि बॅटरीचा लाल दिवा असेल तर नवीन बॅटरी घेऊ नका, चालू इंजिनवर बॅटरी भरणारा अल्टरनेटर नाहीतर त्याचा पट्टा बघा. बॅटरीच्या दुकानात जाऊन 'लाल दिवा आला' म्हटलं की तो बॅटरीच विकणार, त्याचा धंदाच तो आहे. फक्त या स्वस्त डब्यांचा व्होल्टेज थोडा इकडे तिकडे असतो, माझा मल्टिमीटरपेक्षा सतत ०.२ कमी दाखवतो, एकदा ताडून बघा आणि तो फरक लक्षात ठेवा.

जे जमत नाही ते पण लिहिते. एबीएस आणि एअरबॅग. हा डबा मुळात इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलायला बनलाय, एबीएसचा पिवळा दिवा लागला तेव्हा ॲप खुशाल 'नो फॉल्ट कोड्स' म्हणून हिरवी खूण दाखवत होतं. त्यावर विश्वास ठेवून बसला असतात तर? काही गाड्यांना ॲपमध्ये वेगळी प्रोफाइल निवडली की थोडंफार वाचता येतं, माझ्या गाडीला नाही आलं. इलेक्ट्रिशियनच्या मोठ्या स्कॅनरने दोन मिनिटांत सांगितलं, मागच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर, आणि निघाला तो चिखलाने भरलेला. एबीएसचा दिवा असताना साधे ब्रेक लागतात, फक्त पावसात चाक लॉक होऊ शकतं हे ध्यानात ठेवून चालवा. एअरबॅगच्या दिव्याचं सांगायचं तर बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटखाली एक पिवळा कनेक्टर असतो, सीटखाली छत्री, बाटली, चपला कोंबल्या की तो ढिला होतो. पण चावी ऑन ठेवून त्याला हात लावू नका, आणि खरं तर स्वतः लावूच नका.

अलार्म. याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, 'तुझा तो स्कॅनर लावून बघ ना आमची गाडी रात्री का बोंबलते'. नाही सांगणार तो. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गाडीला चावीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा असतो तो इमोबिलायझरचा. गाडी लॉक करून गेल्यावर तो हळूहळू लुकलुकतो, हे बरोबर आहे, त्यात बिघाड काही नाही, पहारा चालू आहे एवढंच. चावी ऑन केल्यावर तो विझायला पाहिजे. विझला नाही किंवा भराभर लुकलुकला आणि गाडी सुरू होत नसेल तर गाडीने चावीतली चिप ओळखली नाही. अशा वेळी लोक रिमोटचा सेल बदलतात, पण फिरवून चालू करायच्या चावीत त्या चिपला सेल लागतच नाही, सेल फक्त दरवाजे उघडायच्या बटणांसाठी. दुसरी चावी लावून बघा, ती चालली तर पहिलीची चिप गेली, दोन्ही नाही चालल्या तर गाडीकडची बाजू. आणि किचेनमध्ये दोन चिपवाल्या चाव्या एकत्र असतील तर त्या आधी वेगळ्या करा.

दुसरा म्हणजे बाहेरून बसवलेला सायरन, ॲक्सेसरीजच्या दुकानातला. त्याची वायरिंग गाडीच्या कॉम्प्युटरला माहीतच नसते, मग स्कॅनरला कुठून दिसणार. आमच्या सोसायटीत गणपतीत ढोल सुरू झाले की चार गाड्या साथीला असतात, ते शॉक सेन्सरमुळे, त्या सेन्सरच्या डबीवर एक बारीक स्क्रू असतो, तो बसवणाऱ्याकडून कमी करून घ्या, सोसायटी दुवा देईल. पण पावसात रात्री तीनला, कुणी हात न लावता सायरन वाजत असेल तर बहुतेक वेळा बॉनेटखालचा पिन स्विच असतो. बॉनेट उघडलं की वर येणारी ती छोटी दांडी, पाणी आणि गंज लागून अडकते नाहीतर मधूनच कॉन्टॅक्ट देते, अलार्मला वाटतं कुणीतरी बॉनेट उघडलं. त्याची वायर एक रात्र काढून, टोकाला टेप लावून ठेवा. रात्र शांत गेली तर तोच. नाहीतर दरवाजांचे स्विच, डिकीचा स्विच, आणि परत एकदा बॅटरी, कारण व्होल्टेज खाली गेला की काही अलार्म त्यालाच चोरी समजतात.

कोड पुसण्याचं बटण हा या डब्यातला सगळ्यात मोहाचा भाग. दिवा विझतो, बरं वाटतं. पण पुसण्याआधी कोड आणि 'फ्रीझ फ्रेम' दोन्हीचे स्क्रीनशॉट काढा. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणी स्पीड किती होता, इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, ते सगळं गोठवून ठेवलेलं असतं आणि पुसलं की तेही जातं. चांगल्या मेकॅनिकला कोडपेक्षा यातून जास्त कळतं. 'कधी कधी होतं हो, तुमच्याकडे आणली की होतच नाही' या जुन्या रडगाण्यावर हेच एक औषध आहे.

याच बटणामुळे एक फायदा मात्र मस्त झाला. ऑफिसमधली मैत्रीण सेकंडहँड गाडी बघत होती, ठाण्याला, मी डबा घेऊन गेले. विकणाऱ्याला सांगितलं, आधी नुसती चावी ऑन करा, इंजिन नको. सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत, आणि इंजिन सुरू केल्यावर विझले पाहिजेत. चेक इंजिन किंवा एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर कुणीतरी तो दिवाच मारून टाकलेला असू शकतो. इथे लागला, इंजिन सुरू केल्यावर विझला, कोड शून्य, गाडी चकाचक. मग ॲपमध्ये 'रेडिनेस' उघडलं (गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या करते त्यांची यादी, कोड पुसले की त्या पहिल्यापासून सुरू होतात), बहुतेक चाचण्या अपूर्ण, आणि 'कोड पुसल्यापासून अंतर' यापुढे ६ किलोमीटर. म्हणजे सकाळीच पुसून आणलेत. बॅटरी नुकतीच बदलली असेल तरी असं दिसू शकतं, म्हणून विचारलं, बॅटरी कधी बदलली दादा? तर म्हणे जुनीच आहे, एकदम टकाटक. मैत्रिणीने चहा पण घेतला नाही.

डिझेलवाल्यांसाठी एक ओळ. बीएस सिक्स डिझेलला डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा आला तर लगेच काजळीची टक्केवारी बघायला हा डबा पुरेल असं धरू नका, तो आकडा गाडीनुसार दिसतो किंवा नाही दिसत. अंधेरी ते बीकेसी रखडत जाणाऱ्या गाडीत फिल्टर गरम व्हायला वावच मिळत नाही, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसा एकसारख्या स्पीडने पंधरा-वीस मिनिटं हायवेला चालवून आणा, तेही दिवा पिवळा असेपर्यंतच.

तक्रारी: कनेक्शन मधूनच तुटतं, मग काढून परत लावावा लागतो. सॉकेटमध्ये कायम ठेवायचा नाही, कारण त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो आणि हा डबा तो पीत राहतो. शिवाय पायाला लागतो. लाइव्ह डेटा हळू आहे, आकडे थांबून थांबून बदलतात. पहिला जो आला तो गाडीला जोडलाच गेला नाही, परत करून दुसरा मागवला, या क्लोनमध्ये हे चालतं, म्हणून जिथे रिटर्न आहे तिथूनच घ्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात थोडा स्वस्त मिळतो म्हणतात पण तिथे 'चेक करके लो, बाद में वापस नहीं' हे आलंच, गाडी सोबत नेणार असाल तर ठीक.

पाचपैकी साडेतीन. नवीन गाडी वॉरंटीत असेल तर घेऊ नका, गरज नाही. पाच-सात वर्षं जुनी गाडी आणि घराजवळ एखादा शहाणा इलेक्ट्रिशियन असेल तर जरूर घ्या. इलेक्ट्रिशियन शहाणा नसेल तर आधी तो शोधा, डबा काय, दोन दिवसांत घरी येतो.